आबांनी पाहिलेलं बंदर

शंकरराव : म्हणून आधीच सांगून ठेवतो, हे कोणी मानणार नाही. आपल्या उंद्री गावात तं नाहीच नाही. चार मजली जहाज, त्याच्यावर हजारेक माणूस, अन् त्याच्या कप्तानानं जहाज उभं करून मले रस्ता विचारला.

तानाबाई : पाय धुतले काय तुम्ही? बाहेरून आले तसेच खाटेवर बसले.

शंकरराव : धुतले. तू आयक तं. मी बंदराच्या कठड्यापाशी उभा. धोतर, टोपी, हातात पिशवी. तो वरून दुर्बिणीतून पाहून राह्यला. त्याले वाटलं, एवढ्या गर्दीत हा एकच माणूस असा उभा हाय, जसा का इथंच जलमला. त्यानं विचारलं, काका, खोल पाणी कोणीकडं? म्या टोपी काढून डाव्या अंगाले दाखवलं. गेलं जहाज तिकडं.

मंजुश्री : आबा, कोचीचा कप्तान तुमच्याशी मराठीत बोलला?

शंकरराव : कप्तान मोताळ्याचा निघाला. आपली माणसं कोठी नाहीत, मंजू?

तानाबाई : मोताळ्याच्या माणसाले समुद्रातला रस्ता काय माहीत?

शंकरराव : म्हणूनच त्यानं विचारला नं.

तानाबाई : जहाज राहू द्या. तुम्हाले जहाज पाहाले नाही धाडलं. पोरीले तिथं कोचीले नोकरी लागली, आज पाच वाजेपर्यंत हो का नाही ते कळवा लागते. आपला धम्मदीप अन् सून, पोरीचे मायबाप, दोघंही सांगून मोकळे झाले, माय म्हणंन ते. अन् मी म्हणली, तिचे आबा डोळ्यानं पाहून येतील, मंग सांगीन. आठ दिवस लावले तुम्ही. अन् उगवले बरोबर आज, चार वाजता.

मंजुश्री : चार वाजून दहा मिनिटांनी. आणि फोन बंद. रोज लावत होते मी. भुसावळला पोचलो, आता गाडीत बसतो म्हणालात, त्यानंतर काहीच नाही.

शंकरराव : ते समुद्राच्या हवेनं. फोनले खारी हवा सोसत नाही. तिथले लोकं तं फोन लोणच्यासारखा बरणीत ठेवतात. वरून फडकं बांधतात अन् बोलाच्या वक्ती सोडतात.

तानाबाई : आपला दयारामभाऊ तरुणपणी कोण्या बंदरावर हमाली करून आला, तो काय सांगे ते आठवते नं? बारा महिने कुजक्या मासोळीचा वास. पिऊन पडलेले माणसं. मांजरीएवढे उंदीर. अन् दिवस मावळला की बाईमाणूस रस्त्यावर दिसत नाही. तशा जाग्यावर मी माही नात कशी धाडू, ते सांगा.

मंजुश्री : आजी, ते चाळीस वर्षांपूर्वीचं झालं. आता मोठी जहाजं दुसरीकडे लागतात. जुन्या बंदरावरच्या वखारी कितीतरी वर्षं ओस पडल्या होत्या, त्याच आता दुरुस्त करून तिथे दुकानं, हॉटेलं, फिरायला रस्ता असं सगळं केलंय. अजून निम्म्या वखारी बाकी आहेत. पडक्या भिंती पाडायच्या नाहीत, उभ्या करायच्या, हेच तर माझं काम आहे.

तानाबाई : तुले नाही विचारलं. तू कागदावर पाह्यलं. ज्यानं डोळ्यानं पाह्यलं त्याले बोलू दे.

शंकरराव : हाव, डोळ्यानं पाह्यलं. आता वखारीचंच घे. तिथं एक मिऱ्याची वखार हाय. तीनशे वर्षं तिच्यात नुसते मिरे भरले. आता धुतली, पुसली, चुना देला, अन् आत हॉटेल टाकलं. पण भिंतीतलं मिरं जाते काय कोठी? म्या उंबऱ्यात पाय ठेवला अन् अकरा वेळा शिंकलो. मालक पळत आला. म्हणे, पाव्हण्या, आम्ही सैपाकात तिखट टाकतच नाही. वरण शिजलं की दोन माणसं भगुणं उचलतात अन् त्या भिंतीले एकदा टेकवून आणतात. कोणाले जास्त लागत असंन तं दोनदा.

तानाबाई : अन् तुमचं किती वेळा टेकवलं?

शंकरराव : म्या सांगतलं, मी उंद्रीचा हाव. तीन वेळा टेकवा. डोळ्यातून पाणी आलं, पण तुह्या ठेच्याची सर नाही. मालकाले तसं तोंडावर सांगतलं. तो वाईट वाटून भिंतीकडंच पाहत बसला.

मंजुश्री : हॉटेलचं नाव काय, आबा? मला त्यांनी नकाशा पाठवलाय, त्यात बघते.

शंकरराव : नाव होतं, पण त्यायच्या लिपीत. एक एक अक्षर असं गोल, जसं का कढईतून आत्ता काढलेली जिलबी. वाचाले उभा राह्यलो तं पुन्हा भूक लागली.

तानाबाई : वासाचं सांगा.

शंकरराव : वास नाही. मासोळीवाल्या बाया हायेत, पण त्यायले एका अंगाले ओटे बांधून देले, पाण्याची नळी देली. अन् मासोळी एवढी ताजी की भाव करतांनी ती सोता मान हलवून नाही म्हणते.

तानाबाई : पिऊन पडलेले?

शंकरराव : पडाले जागाच ठेवली नाही. जिथं म्हणून माणूस पडावं तिथं बाकडं मांडलं. अन् बाकडं असं गुळगुळीत की कावळा येऊन बसला तं घसरून पाण्यात पडते. ते कावळे काढाले एक माणूस नेमला, लांब दांड्याची जाळी घेऊन. म्या त्याच्याजवळ बसलो, इचारपूस केली. घरी कोण, किती लेकरं. म्हणे, सोमवारी लय काम असते. रविवारी फिराले आलेले लोकं बसतात, मंग कावळ्यायले जागा राहत नाही, त्याले आराम भेटते.

मंजुश्री : आणि उंदीर?

शंकरराव : उंदीर हायेत. खोटं कशाले बोलू? पण अख्खं बंदर सुधारलं तं उंदीर काय मांगं राहतील? मी शेंगा खात बसलो होतो. एक टरफल खाली टाकलं. एक उंदीर आला, त्यानं ते टरफल उचललं, माह्याकडं एकदा पाह्यलं, अन् नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मले एवढी लाज वाटली, धम्मदीपची माय, की उरलेले टरफलं खिशात भरून आणले. हे पाहा.

तानाबाई : ह्या शेंगा आपल्या वावरातल्या हायेत. म्याच बांधून देल्या होत्या.

शंकरराव : शेंगा इथल्या. टरफलं तिथले.

मंजुश्री : आजी, तू हसलीस.

तानाबाई : हसली नाही. खोकला आला.

मंजुश्री : साडेचार होऊन गेले, आजी.

तानाबाई : होऊ दे. आता गंमत बाजूले ठेवा, मंजूचे आबा. मी एकच विचारतो. दिवस मावळल्यावर तिथं बाया असतात काय?

शंकरराव : असतात.

तानाबाई : एकट्या?

शंकरराव : एकट्या. दिवे लागले होते. कठड्याच्या कडंकडंनं एक पोरगी चालली होती, आपल्या मंजूएवढी. ऑफिसातून सुटली असंन. चपला हातात घेतलेल्या, पाय उघडे. मनात काही चाललं असंन तिच्या, पाऊल सावकाश पडून राह्यलं होतं. संगं कोणी नाही, मांगं कोणी नाही. अन् घरी जाची घाई नाही.

तानाबाई : तिच्याकडं कोणी पाहत नव्हतं?

शंकरराव : सगळे समुद्राकडं पाहत होते.

तानाबाई : अन् तुम्हाले ते बंदर नसतं आवडलं तं? तसं येऊन सांगतलं असतं मले?

शंकरराव : हेच तं मी भुसावळच्या फलाटावर बसून इचार करत होतो. नाही आवडलं तं तुह्यापुढं खोटं बोलता येणार नाही, अन् पोरीपुढं खरं. दोन गाड्या गेल्या, तरी मी बसूनच. मंग… बरं झालं. तशी पाळीच नाही आली.

मंजुश्री : दोन गाड्या? आबा, तुमचं तिकीट तर एकाच गाडीचं होतं.

तानाबाई : तू फोनात वेळ पाहत बस. अन् हे धोतर? आठ दिवस प्रवासातून आलेल्या माणसाचं धोतर एवढं पांढरं कसं?

शंकरराव : आता इचारलं तू कामाचं. समुद्रात धुतलं. मले वाटलं होतं बंदराचं पाणी म्हणजे तेलकट, काळं. पण ओंजळीत घेतलं तं बोटं बुळबुळीत, जसं का कोणी आधीच साबण लावून ठेवला. धोतर दोनदा बुडवलं अन् दगडावर आपटलं, तं हा असा फेस. तू देलेली साबणाची वडी पिशवीत जशीच्या तशी हाय, काढून पाहा. वाळल्यावर नुसती पांढरी भुकटी झटकली, झालं. पोरीले इथून साबण न्याचीबी गरज नाही.

मंजुश्री : आबा, समुद्राच्या पाण्यात फेस…

तानाबाई : मंजू, तू थांब. किती आला फेस?

शंकरराव : ढोपरापर्यंत.

तानाबाई : अन् लाटा?

शंकरराव : लाटा… त्या दिवशी नव्हत्या. सुट्टी असंन. पाणी एकदम शांत, जसं का परातीत ठेवलं. चहूकडून झाडी. हिरवीगार.

मंजुश्री : चहूकडून?

शंकरराव : हाव, गोल. अन् काठावर मोर फिरून राह्यले होते.

तानाबाई : मोरबी.

शंकरराव : मोरबी. बंदर सुधारलं म्हणजे किती सुधारलं, ते तू समजून घे.

तानाबाई : समजलं. मंजू, कळव त्यायले. येतो म्हणून.

मंजुश्री : आजी?

तानाबाई : पाच वाजाले आले. लिही.

मंजुश्री : असं नको, आजी. मला जायचंय, कॉलेजात होते तेव्हापासून हेच काम करायचंय. पण आबा जे सांगताहेत त्यावर तू हो म्हणणार असशील तर नको. तू नंतर म्हणशील, मला फसवलं.

तानाबाई : मी सत्तरीची झाली. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं मले कप्तान सांगतले, बोलणारे बैल सांगतले, लग्नाच्या आधी तं सांगतलं होतं की घरी विजेचा पंखा हाय. मले कोणी फसवत नाही. हो म्हणून लिही. अन् तिकिटं दोन काढ.

मंजुश्री : दोन?

तानाबाई : तुले सोडाले मी येतो. महिनाभर राहीन. रोज दिवस मावळला की त्या कठड्याच्या कडंनं चालून पाहीन, तू ऑफिसातून सुटशीन तवा. पटलं तं मी एकटी परत येईन. नाही पटलं तं दोघी येऊ. चालते?

मंजुश्री : चालते. थांब… लिहिलं. गेलं, आजी. चार चोपन्न.

शंकरराव : म्या काय म्हणलं होतं? धम्मदीपची माय मानत नाही असं होतच नाही. तिकिटं तीन काढ, मंजू. मीबी येतो संगं. मले आता रस्ता माहीत झाला, तुम्ही दोघी तिथं चुकून जासान.

तानाबाई : तुम्ही घरी राहा. म्हैस कोण पाहीन?

शंकरराव : काऊन? एवढं सगळं पाहून आलेल्या माणसाले कोणी घरी ठेवते काय? म्हशीले धम्मदीप पाहीन.

तानाबाई : सहा डिसेंबरले विहारातल्या बायायसंग मी दादरले गेलती. तिथं समुद्रावर लुगडं धुवाले बसली. अख्खी वडी झिजली, पण फेसाचा एक बुडबुडा नाही आला. बिनसाबणाचा फेस अन् काठावर मोर हे लोणारच्या तळ्यावर असते, मंजूचे आबा. तुमची बहीण बरी हाय नं तिथं?