मामंजींच्या खाटेजवळचा स्पीकर

अगं, आमच्या मामंजींची गंमत ऐक. जन्मभर कापडाच्या लूमच्या खडखडाटात काम केल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणून ह्यांनी नव्या होम थिएटरचा एक स्पीकर घामाघूम होत उचलून मागच्या खोलीत, त्यांच्या खाटेजवळ ठेवला. वायरमन म्हणाला, "एवढ्या लांब बारीक वायरने आवाज कमी पडेल, जाड लागेल." बारीक वायर काढून तो जाड आणायला गेला.

इकडे मामंजी स्पीकरकडे बघून म्हणाले, "लई बेस वाजतोय रं!"

ह्यांचा चेहराच उतरला. "वायरच नाही गं त्याला. बाबांना आता काहीच ऐकू येत नाही."

जाड वायर जोडली, भजन लागलं, तसे मामंजी दचकले.

"हां, आता वाजला! मगाशी तू एवढा घाम गाळत व्हतास, वाजत न्हाय कसं म्हनू?"