जप्तीची चिंच

चहा घ्या, पण माझ्यापुढं झाडाच्या कायद्याचं नाव काढू नका.

आमच्या फाट्यावर जुनी चिंच होती. भावकीतल्या भानुदासनं भर दुपारी मशीन लावून ती पाडली. मी म्हणलो, "परवानगी हाय का?" तर म्हणतो, "तुमच्या बापानं लावली व्हती का?" डोकं फिरलं माझं. सरळ तक्रार केली.

वनरक्षक आले, पंचनामा झाला, लाकूड जप्त झालं. मला लई बरं वाटलं. मग साहेब म्हणले, "माल ठेवायचा कुठं?" सगळे माझ्याकडंच बघायला लागले.

"तक्रार तुमची, घर बी जवळ. निकाल लागस्तोवर तुमीच सांभाळा. एक ढलपी जरी कमी झाली, तर जबाबदारी तुमची."

तवापासून चिंच गोठ्यात आन शेळ्या पावसात. बायको रोज म्हणती, "पाडली त्यानं आन राखण आपल्याला? कुणी सांगितलं व्हतं तुमाला?" केस कुठं अडकली, कुणालाच ठाव न्हाई. भानुदास मोकळा फिरतोय.

परवा तोच घरी आला. गोठ्यातल्या ओंडक्यावर बसला, चहा मागून घेऊन पिला. नखानं साल खरवडली आन म्हणला, "दादा, वाळवी लागली की हिला. सरकारी माल हाय, जपा. उगी तुमच्यावर केस व्हायची."

खरंच होतं ते.

काल केजला गेलतो, वाळवीचं औषध आणायला.