मानपत्रातले एक वाक्य

फुटबॉलचे पंच देशकरकाका यांचा वणीतला सत्कार सांगते. कापसाचे भाव कोसळलेले, वर्गणी जमली नाही. शाल रद्द होऊन केवळ मानपत्र उरले, आणि ते लिहायचे काम माझ्याकडे आले. ‘एकही निर्णय चुकला नाही’ हे वाक्य सत्कार समितीच्या अध्यक्षांनी आग्रहाने घातले. मी आधार विचारला.

“मॅडम, सत्कार आहे, प्रबंध नाही.”

सत्काराच्या दिवशी मी मानपत्र वाचून संपवताच काका उठले. “हे खोटं आहे बाप्पा. उमरखेडच्या फायनलचा गोल हातानं झालता. दुसऱ्या दिवशी मारणाऱ्यानंच मले सांगतलं. वाक्य खोडा, नाही तं मी मानपत्र घेत नाही.”

मी पेन उघडले. अध्यक्ष पुटपुटले, “काका, जुनं कायले उकरता?”

काका माइकवरच म्हणाले, “काहून? मारणारा तूच होता न!”