बाजाराचं गाव

अरे, मस्कतला असताना आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरनं, सलीमनं, विचारलं, "बाजाराचं गाव म्हणजे काय? सारखं म्हणतोस."

म्हटलं, "जिथं आठवड्याला बाजार भरतो, ते. आजूबाजूची सगळी खेडी तिथं लोटतात. पलीकडच्या गावात दिलेली बहीणसुद्धा तिथंच भेटते."

"म्हणजे आमचं निझवा!" म्हणाला, आणि शुक्रवारी घेऊनच गेला.

बकऱ्यांचा बाजार, ही गर्दी! सलीमला पावलापावलावर कोणीतरी ओळखीचं भेटत होतं. मी आपला हलव्याचे दोन डबे घेऊन फाटकाशी उभा.

तासाभरानं तो आला. "यल्ला, निघू या. दोन डबे कशाला?"

"एक ताईचा," मी सवयीनं बोलून गेलो.

ताई तिकडं, साताऱ्याकडं.

मग सलीमही माझ्याशेजारी दहा मिनिटं फाटकाशी उभा राहिला रे.