डाळिंबी धागा

उलटून बघा ना, यमुनाबाई. भरतकाम उलट बाजूनंच बघायचं असतं — सुलट बाजू काय, कुणीही सजवील. मघाशी आमच्या तुळसाचा रुमाल नाही का उलटून बघितलात आणि म्हणालात, मुलीचा हात बरा आहे पण गाठी फार मारते? खरं आहे तुमचं. भाची माझी, वहिनी गेल्यापासून मीच वाढवली, पण उतावळी ती उतावळीच. आता ही कुंची बघा. गाठ सापडते कुठे? नाही सापडायची. बसा हो, दादा आणि तुमचे यजमान ओटीवर पानं लावतायत, सुपारी फुटायला अजून अवकाश आहे. माजघराचं दार मीच ओढून घेतलंय.

तुळसाची? छे. म्हटलं ना, तिचा दोरा गाठीवाचून धरत नाही. आणि विकतची तर नाहीच — विकतच्या कुंचीला आतून अस्तर असतं, झाकायला. हिच्यात झाकण्यासारखं काही नाही. हा हात केळशीचा. माझी मैत्रीण मैना केळशीला दिली — आम्ही दोघी माझ्या आईपाशी भरायला शिकलो, आणि आईचा एकच धाक, बाळाच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यात गाठ नको, टाळूला टोचते. दोरा टाक्यांच्या पोटात फिरवायचा आणि तिथंच मुरवायचा. डोळे जातात त्यात. पण मैनानं ते सोडलं नाही, आणि आपल्या लेकीलाही तेच शिकवलं. लेकीचं नाव दमयंती — तुम्हाला मी काय सांगू, तुमचीच पहिली सून, ज्या लेकासाठी आज तुळसा मागायला आलात त्याचीच पहिली बायको.

उठू नका. चहा निवतोय, घ्या. दादाला तुम्ही सांगितलंत ते मी दाराआडून ऐकलं — पोर नाजूक होती, भादव्यात तापानं गेली, दिवसबिवस काही नव्हते. दादा हळहळला. साधा माणूस, त्यात मुलीचं वय वाढतंय, त्याला सगळं पटतं. पण तुमच्या घरून, मालगुंडाहून, तिची ट्रंक केळशीला परत गेली ना, तिच्यात चोळ्यांच्या घडीत ही निघाली. दिवस नव्हते, मग कुंची कुणासाठी?

हो, भरून ठेवतात की मुली, लग्नाआधीच हौसेनं. माहेराहूनच आणली असेल म्हणता — मैनाही स्वतःला तेच सांगत राहिली, बिचारीला तेच खरं व्हायला हवं होतं. वरचे पोपट तिच्याकडच्या पिवळ्या सुताचे, ते ती ओळखते. पण खालची वेल बघा. डाळिंबी रेशीम, आणि ते असं बारीक, बिनपिळाचं — हे भरायचं रेशीम नव्हेच, हे मागावरचं. हे आलं कुठून? मैनानं हर्णैला दाखवलं, दाभोळला दाखवलं, शेवटी माझ्याकडे पाठवलं, म्हणाली, अगं काशी, तुमच्या रत्नागिरीची पेठ मोठी, तू शोध. मी दुकानं पालथी घातली. कुणी ओळखेना. म्हटलं, राहिलं आता.

आणि आज तुम्ही आपल्या हातानं हा शालू माझ्या मांडीवर ठेवलात. म्हणालात, घरचा शालू, सुनेचा सुनेला जातो, आतल्या टोकाला उंदीर लागलेत तेवढं रफू करून द्या. सवाष्ण गेली तर तिच्या अंगावर घालतात हो असलं वस्त्र — तुमच्यानं तेही झालं नाही. आणि उंदीर मला शिकवू नका. उंदीर कुरतडतो, भोकं पाडतो. इथं बघा, कमरेला खोचायच्या टोकाला, जिथं कुणाची नजर जात नाही — आडवे धागे एकेक करून ओढून काढलेत, उभे सगळे जागच्या जागी. एवढा धीर उंदराला असतो? आणा तो हात इकडे. हा शालूचा धागा, ही वेल. ठेवा शेजारी. ठेवा म्हणते.

हं. आता सांगा, कुठं भरली कुंची?

नका सांगू, मीच सांगते. तुमच्या घरात. पोट वाढत होतं आणि दोरा मागायची सोय नव्हती — मागितला की कशाला हे सांगावं लागलं असतं, आणि ते तुम्ही बोलू देत नव्हतात, कारण एकदा तोंडातून निघालं की तिला माहेरी पाठवावं लागलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी, गरिबाघरीसुद्धा चुकत नाही ते. मैनाचा नवरा गंगाराम भर पावसात न्यायला आला, आगबोटी बंद, तर खाड्या ओलांडत पायी आला. त्याला ओटीवरूनच परत लावलंत. म्हणालात, लावणीचे दिवस आहेत, दिवाळीला पाठवू. लेक समोरसुद्धा आणली नाहीत — आतून नुसता आवाज आला म्हणे, बाबा, आईला सांगा मी बरी आहे. आता कळतंय मला, का आणली नाहीत — बापाला पोट दिसलं असतं. लावणीला हात हवे होते ना तुम्हाला? बाळ-बाळंतीण दोन्ही गेली, आणि केळशीला कळवलंत ताप. लेक तुमचा मुंबईला, त्याला तरी सांगितलंत?

नाही?

त्यालाही नाही.

मी कोण विचारणारी — बरोबर आहे. भावाच्या घरी दोन घास खाणारी विधवा बहीण. दादाला यातलं काही ठाऊक नाही. सांगायला गेले तर म्हणेल, तुझा संसार मोडला म्हणून पोरीचाही मोडतेस. मागे म्हणालाय तसं, जेवताना, पोरीदेखत. उद्या घराबाहेर काढलंन तर जायला जागा नाही मला — हे तुमच्यापाशी बोलायचं नव्हतं मला. पण आता बोलले. त्याचा उपयोग करू नका, सांगून ठेवते. तुळसा चुलीपाशी बसलीय, शिरा ढवळतेय, तिला वाटतंय मी शालूचं रफू ठरवतेय. ती पोर मी तुमच्या घरी देणार नाही.

तुम्हीच बाहेर जा आणि सांगा, पत्रिका जमत नाही. आमच्या मुलीला बोल लागता कामा नये. नाही सांगितलंत तर शालू आणि कुंची दोन्ही ओटीवर नेऊन ठेवते, मग माझं काय व्हायचं ते होवो.

घ्या शालू. असा चुरगळू नका, घडी घाला. कुंची ठेवा. ठेवा, यमुनाबाई, ती मैनाकडे जायची आहे. सोडा... नातवाची आहे, हो. नातवाचीच. पण तो होता तेव्हा नव्हता म्हणालात ना.

डोळे पुसा. बाहेर मंडळी आहेत. आणि जाताना दार ओढून घ्या.