वरच्या वाडीत शून्य

गांगवॉनच्या डोंगरातून कचेरीच्या गावाला जाणारी सकाळची बस. माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या.

"का गं मुलगोलवाली, बटाटे काढायचे सोडून कुठं निघालीस?"

"कचेरीत. शिरगणतीत आमच्या वरच्या वाडीत शून्य माणसं लागलीत. आता म्हणे बस वर येणार नाही."

"शून्य? अगं, तू राहतेस की तिथं!"

"मोजणीवाल्या पोरीनं सरपंचाला विचारलं, ह्वांग ओकबून इथं राहते का? तो म्हणाला, असली कोणी बाई आपल्याकडे नाही."

"नाहीच की. कोण ही बया?"

"मी."

"अगं बाई! दरसाल एकत्र किमची घालतो आपण, अन् मला तुझं नाव माहीत नाही?"

"विचारलंस कधी? लग्न होऊन आले तेव्हापासून सगळे माहेरच्या गावावरनंच हाक मारतात. तुझं तरी मला कुठं ठाऊक आहे, बामजेवाली?"

"माझं राहू दे. तुझ्या मुलगोलला तरी किती माणसं आहेत आता?"

"मुलगोल केव्हाच धरणाखाली गेलं. नकाशावरसुद्धा नाही."

"मग आता तुला ओकबून म्हणू का?"

"नको गं. मुलगोलवालीच म्हण. त्या गावाचं तेवढंच उरलंय."