इन्क्युबेटर क्रमांक तीनचा गॅस

मी, मेंदूविकार संशोधन केंद्रातील यंत्र-मिस्त्री, वय ५२ वर्षे, शिक्षण नववी, राहणार केंद्रामागील कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक १४, समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी या केंद्रात एकोणीस वर्षे आहे. यंत्रांचे काम माहितीपुस्तिका वाचून शिकलो, कोणाच्या हाताखाली नाही. तळमजल्यावर तीन इन्क्युबेटर आहेत. मानसिक रुग्णांच्या रक्तापासून आधी मूळ पेशी आणि त्यांपासून मेंदूच्या पेशी तयार करून त्यांत वाढवतात व त्यांवर औषधे तपासतात. आत ३७ अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. पेशी ज्या बशांत असतात त्यांवर रुग्णाचे नाव नसते, फक्त क्रमांक.

शुक्रवारी दुपारी ३.२० वाजता मी क्रमांक तीनला नवा सिलिंडर जोडला. सांध्याला साबणाचे पाणी लावले, बुडबुडे आले. म्हणून व्हॉल्व्ह बंद करून सांधा आवळला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा फ्रीज बंद पडल्याचा निरोप आला. मी वर गेलो आणि तिथूनच घरी गेलो.

गॅस कमी झाला की भोंगा वाजतो. तो मी मार्चमध्येच काढून ठेवला होता. नुसते दार उघडले तरी बोंबलायचा. प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, असू दे की तो." मी म्हणालो, "मॅडम, माझा कान आहे ना."

शनिवार-रविवार सुट्टी होती. सोमवारी सकाळी ९.१० वाजता मॅडमनी क्रमांक तीनचे दार उघडले. गॅस न मिळाल्याने बशांतले लालसर द्रव जांभळे झाले होते. चोवीस बशा, सगळ्या पेशी मेलेल्या. कॅमेऱ्यात शनिवारी फक्त सफाईच्या मावशी खोलीत दिसतात, म्हणून तक्रारीत त्यांचे नाव आहे. त्या आज सकाळपासून ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून आहेत. मला बघून म्हणाल्या, "दादा, तुम्ही तरी सांगा यांना. तुमच्या त्या पेटीला मी फडकंसुद्धा लावत नाही. लावलं तर तुम्ही खाऊ की गिळू करता." हे खरे आहे.

आज सकाळी १०.३० वाजता मी ठाण्यातल्या तपासी साहेबांना सांगितले होते की व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला, पुढचे मला माहीत नाही.

माझा धाकटा भाऊ सोळा वर्षे आजारी होता. त्याला आवाज ऐकू यायचे. केंद्रात पेशींसाठी रक्त दिले त्या दिवशी म्हणाला, "दादा, आता माझं डोकं बशीत. बघू, तिथं तरी गप्प बसतंय का." तो मागच्या वर्षी वारला. त्याच्या पेशी कुठे ठेवल्या हे मला सांगितलेले नाही, नियमच तसा आहे. मीही विचारले नाही.

११.४० वाजता साहेबांनी केंद्राकडून मागवलेली त्या चोवीस बशांची यादी माझ्यापुढे ठेवून विचारले, "सतरा नंबरपुढे नातेवाईक म्हणून तुमचं नाव कसं?" मी ती ओळ तीनदा वाचली. शेरा असा आहे: दाता मयत, गोठवलेला साठा संपला, नमुना पुन्हा मिळणार नाही.

मी १०.३० वाजता सांगितलेले खोटे आहे. व्हॉल्व्ह मी बंद केला आणि पुन्हा उघडला नाही. मावशींचा काही संबंध नाही. त्यांना घरी जाऊ द्यावे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सतरा नंबरच्या ओळीला ते थांबले. मी म्हटले, वाचा. सगळे मी सांगितल्याप्रमाणे आणि बरोबर आहे.